रविवारची सत्त्याण्णव मिनिटं

१

सोमवारी सकाळी साडेदहाला चंचलबेननं स्टुडिओचं दार ढकललं तेव्हा पंखा चालू होता, संगणक चालू होता, आणि उखाआबा की-बोर्डवर कपाळ टेकून बसले होते. आबांना डुलकी लागली असेल असं तिला वाटलं. तिनं दोनदा हाक मारली. तिसऱ्या वेळी खांद्याला हात लावला आणि तशीच मागं सरली.

सुरतेत, उधन्यातल्या चार मजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर भाईदास बोरसे यांचा साड्यांच्या डिझाइनचा स्टुडिओ होता. उखा बडगुजर तिथं चौदा वर्षं नक्षी काढत होते. त्याआधी ते लूमवर होते. हातानं कागदावर मोर काढणारा माणूस पन्नाशीत संगणक शिकला, आणि त्याचे मोर रिंगरोडच्या दुकानांतून देशभर गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, सकाळी नऊच्या आसपास. त्यात संशय घ्यावा असं काही नव्हतं.

संशय आला तो संगणकाच्या पडद्यामुळे. चौदा वर्षांच्या नक्ष्या ज्या फोल्डरात होत्या तो रिकामा होता. संगणकाची नोंद सांगत होती की सोमवारी सकाळी आठ चाळीसला, उखा बडगुजर यांच्या पासवर्डनं, सगळं पुसलं गेलं. आबा रोज आठला येत, बाकीची मंडळी साडेदहाला. म्हणजे त्या वेळी तिथं दुसरं कोणी नव्हतं. पाचव्या दिवशी दिवाळीसाठी राखून ठेवलेला मोरकाठ दुसऱ्याच एका पार्टीच्या, म्हणजे व्यापाऱ्याच्या, दुकानात टांगलेला दिसला, आणि लिंबायतच्या खानदेशी वस्तीत गल्लीगल्लीत निकाल लागून गेला. म्हाताऱ्यानं माल विकला, मागचं पुसलं, आणि पाप छातीत बसलं.

भाईदासशेठनी आबांच्या खणातल्या वस्तू एका कापडी पिशवीत भरून त्यांच्या मुलीला दिल्या. चष्मा, डबा, गुडघ्याचं मलम आणि आकड्यांनी गच्च भरलेली एक वही. वही पिशवीत टाकताना ते एवढंच म्हणाले, "कोणाला काय काय विकलं ते बहुतेक यातच असेल. तूच शोध."

२

तारा इंगळेचं दुकान त्याच भागात, दोन गल्ल्या पलीकडे होतं. बंद पडलेल्या डिस्कमधून लोकांचे फोटो, बिलं, लग्नाचे व्हिडिओ बाहेर काढून द्यायचे, हा तिचा धंदा. ती मूळची बुलढाण्याकडची. नवरा बांधकामावर सुपरवायझर होता. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. माहेरी परत जायचं जायचं म्हणता राहून गेलं, आणि मग तिकडं वाट पाहणारंही कोणी उरलं नाही. दिवसभर ती दुसऱ्यांच्या आठवणी बघायची आणि संध्याकाळी शटर ओढून दोन पोळ्या लाटायची.

उखाआबांची मुलगी मयुरी अकराव्या दिवशी तिच्याकडे आली. चोपड्याला सासर, तिथल्याच शाळेत शिक्षिका. मृत्यूनंतरचे दिवस ती वडिलांच्या गोडादऱ्यातल्या खोलीतच काढत होती. आदल्या दिवशी दहाव्याला चार माणसं आली, तिनं सांगितलं, त्यातला एक भटजी. परवा तेरावं. स्वयंपाक किती जणांचा करायचा हेही तिला कळत नव्हतं.

"ताई, बाबांच्या तोंडी तुमचं नाव असायचं. हे आकडे कशाचे ते तुम्हाला कळलं तर बघा," ती म्हणाली आणि वही काउंटरवर ठेवली.

तारानं पहिलं पान उघडलं आणि तिचा हात तिथंच थांबला. हे आकडे विक्रीचे नव्हते. ते कसले आहेत हे सुरतेत फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातला एक अकरा दिवसांपूर्वी गेला होता.

तीन वर्षांपूर्वी आबांच्या संगणकातली डिस्क तारानंच बदलून दिली होती. तेव्हा त्यांनी विचारलं होतं, ही बिचारी दिवसभर राबते, हिला काही कळतं का? तारानं हसून सांगितलं होतं की कळतं. डिस्कच्या पोटात एक छोटा मेंदू असतो. संगणकानं विचारलं की ती आपली हकीकत सांगते: आजवर किती वाचलं, किती लिहिलं, किती मिनिटं कामात गुंतले होते, मला किती वेळा चालू केलं आणि न सांगता किती वेळा वीज तोडली. काम फार झालं तर तेही सांगते, म्हणजे संगणक तिला जरा दमानं घेतो.

आबांना ते फार आवडलं. तो पडदा उघडायचा कसा हे त्यांनी शिकून घेतलं. आणि मग, वहीवरून दिसत होतं, रोज सकाळी आल्यावर आणि संध्याकाळी निघताना ते तिची विचारपूस करत आले होते. तीन वर्षं, एकही दिवस न चुकवता. तारखेपुढे तीन आकडे: कामाची मिनिटं, किती वेळा चालू झाली, किती वेळा अचानक बंद पडली. मधेच कुठं "आज दोघे दमलो" असंही लिहिलेलं.

मयुरीनं हळूच शेवटचं पान उलटलं. "इथं मात्र त्यांनी अहिराणीत काहीतरी लिहिलंय," ती म्हणाली.

३

शेवटच्या दोन नोंदी अशा होत्या. शनिवारी संध्याकाळी निघताना: ८४१२, ९४१, ६. सोमवारी सकाळी आठ दहा: ८५०९, ९४३, ७. त्याखाली, पेन दाबून, "काल आठे कोन व्हतं?"

काल इथं कोण होतं?

तारानं वजाबाकी केली. रविवारी स्टुडिओ बंद असतो. तरी शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ एवढ्या वेळात डिस्कनं सत्त्याण्णव मिनिटं काम केलं होतं. ती दोनदा चालू झाली होती. त्यातली एक वेळ सोमवारची, आबांच्या स्वतःच्या हातची. दुसरी कोणाची?

सगळ्या नक्ष्या दुसऱ्या डिस्कवर उतरवायला साधारण तेवढाच वेळ लागतो. आणि हा आकडा आबांनी आठ दहाला लिहिला, पुसल्याची नोंद आठ चाळीसची. आबांनी सोमवारी संगणक चालू केला त्याआधीच चोरी उरकलेली होती.

मयुरी म्हणाली, "पण आठ दहालाच लिहिलं कशावरून? लोक म्हणतील, मागाहून लिहून ठेवलं."

तारानं आपला फोन काढला, मागं मागं सरकवत नेला आणि मयुरीपुढे धरला. सोमवार, आठ चौदा. उखाआबा. न घेतलेला कॉल.

त्या सकाळी तारा चहा गाळत होती. नाव पाहिलं आणि तिनं फोन पालथा घातला. आबा बोलायला लागले की पाऊण तास सोडत नसत. सावकाश करू, असं तिला वाटलं होतं. दुपारी केला तेव्हा उचलायला कोणी नव्हतं.

हे सगळं तिनं मयुरीला जसंच्या तसं सांगितलं. मयुरीनं ऐकून घेतलं. रागावली नाही, धीरही दिला नाही. वहीच्या कोपऱ्याला पडलेली घडी ती बोटानं सरळ करत राहिली.

तारानं शटर अर्ध्यावर ओढलं आणि म्हणाली, "चल. माणसांना विचारून येऊ."

४

भाईदासशेठनी आधी नाकच मुरडलं. मग मुलीकडे बघून बसायला खुर्च्या दिल्या. रविवारी ते अमळनेरला भाच्याच्या लग्नात होते, सोमवारी दुपारी गाडीनं परतले. फोटोंत ते हळदीपासून पंगतीपर्यंत सगळीकडे होते. स्टुडिओच्या किल्ल्या तीन. एक त्यांच्याकडे, ती लग्नात त्यांच्या खिशातच होती. दुसरी चंचलबेनकडे. तिसरी खाली वॉचमन वाल्मिकच्या पेटीत, ती आबा रोज सकाळी सही करून घेत. आबांचा पासवर्ड म्हणाल तर त्यांच्या मुलीचं नाव, आणि ते सगळ्या स्टुडिओला ठाऊक.

प्रशांत हा तिथला तरुण डिझायनर, नंदुरबारकडचा. आबांशी त्याचं महिनाभर बोलणं बंद होतं. आपल्या नक्षीवर म्हातारा स्वतःचा मोर बसवतो, अशी त्याची तक्रार. रविवारी कुठं होतास म्हटल्यावर तो आधी खोलीवर म्हणाला, मग खाली बघत कबूल झाला की साडेअकराला तो इथं आला होता. संगणकावर चित्र काढायची पाटी घरी न्यायची होती. किल्ली द्यायला वाल्मिक जागेवर नव्हता, म्हणून तसाच वर आला तर दाराला बाहेरून कुलूप नव्हतं, आतून कडी होती. आबा सुटीच्या दिवशीही येऊन बसतात हे त्याला माहीत होतं. तोंड बघायची इच्छा नव्हती, म्हणून तो न ठोकताच उतरला.

"हे आधी का नाही सांगितलंस?" तारानं विचारलं.

"सांगितलं तर मीही आलो होतो हे कळलं असतं," तो म्हणाला. "आणि आत तेच होते ना. दुसरं कोण असणार?"

चंचलबेन स्टुडिओची सगळी व्यवस्था बघायची. मूळची खानदेशाचीच, पण जन्म सुरतेतला, त्यामुळे जिभेवर गुजराती जास्त. आबांच्या शेजारचं टेबल तिचं. दुपारी दोघं एकत्रच डबा उघडत. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. रविवारी ती आली होती, हे तिनं आपणहूनच सांगितलं. चष्मा विसरला होता. पावणेचारला आली, दहा मिनिटांत निघाली. वीज नव्हती. लिफ्ट बंद, चहावाला मारुती आत अडकून दार बडवत होता, म्हणून चार जिने चढून आली. दाराला कुलूप होतंच. काळोखात चष्मा चाचपडून घेतला आणि गेली. वीजच नाही तर संगणक कोण चालवणार, असंही ती म्हणाली.

खाली वाल्मिकनं सही-वही दाखवली. रविवारी पेटीतली किल्ली कोणी नेली नव्हती. चंचलबेनला येताना त्यानं पाहिलं नव्हतं, दिवसातून दोनदा तो पाण्याच्या टाकीवर जातो. चारच्या सुमारास उतरताना मात्र पाहिलं होतं, घामानं निथळत. वीज एक ते पाच बंद होती. दुरुस्तीचा मेसेज आदल्या दिवशीच त्याच्या फोनवर आला होता.

हे ऐकताच तारा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. वहीतला तिसरा आकडा आता कुठं तिच्या ध्यानात आला होता.

५

सहा होते, सात झाले. तीन वर्षांत आबांची डिस्क सहा वेळा अचानक बंद पडली होती, आणि सातवी वेळ शनिवार ते सोमवारच्या मधे. संगणक नीट बंद केला तर हा आकडा हलत नाही. चालू असताना वीज गेली तरच तो वाढतो. वीज सांभाळणारी बॅटरी महिनाभर दुरुस्तीला गेलेली, हे शेठनीच सांगितलं होतं.

डिस्कला घड्याळ नसतं. वार, तारीख तिला कळत नाही. पण रविवारी दुपारी एक वाजता वीज गेली, त्या क्षणी ती चालू होती, हे तिनं आपल्या परीनं सांगून ठेवलं होतं. संगणकाला घड्याळ असतं खरं, पण ते हवं तसं पुढं-मागं करता येतं. इंटरनेटची वायर काढायची, घड्याळ सोमवारच्या आठ चाळीसवर न्यायचं, पुसायचं, मग पुन्हा वायर जोडायची. घड्याळ आपोआप जाग्यावर येतं, नोंद मात्र राहते.

म्हणजे एक वाजता वर कोणीतरी होतं. प्रशांतनं आतली कडी पाहिली तेव्हा, साडेअकरालाही होतं. ते उखाआबा असू शकतील का?

तारानं वाल्मिककडे पाणी मागितलं आणि पिता पिता तिला तो रविवार दिसला. साडेदहापासून आबा तिच्या दुकानात स्टुलावर बसले होते. नातीला नवीन दात आल्याचं सांगत होते. ती डिस्क उघडून बसली होती, हूं हूं करत होती. एकाला दिवे गेले. स्टुडिओची आणि तिच्या दुकानाची वीज एकाच तारेवरची, एकदमच जाते. ती म्हणाली होती, "लाईट गेली आबा. आता घरी जा, मला पण शटर ओढू द्या." ते उठले, स्टूल भिंतीला लावून ठेवलं आणि गेले.

वर डिस्क अचानक बंद पडली त्या घटकेला उखाआबा तिच्यासमोर बसलेले होते. याहून पक्की साक्ष नव्हती. आणि ती साक्ष देताना ज्या बोलण्याकडे आपण लक्ष दिलं नव्हतं, ते तिला आठवावं लागणार होतं.

तिनं मारुतीचा फोन नंबर घेतला आणि त्याला एकच गोष्ट विचारली. उत्तर ऐकून ती मयुरीला म्हणाली, "उद्या सगळ्यांना बसवू."

६

दुसऱ्या दिवशी अकराला सगळे स्टुडिओत जमले. भाईदासशेठ, प्रशांत, चंचलबेन, दाराशी वाल्मिक. मयुरी वडिलांच्या खुर्चीवर बसली नाही, मागं उभी राहिली. संगणक आबा गेल्यापासून बंदच होता. तारानं तो चालू केला आणि डिस्कची हकीकत पडद्यावर आणली.

शेठनी अपेक्षेप्रमाणे शंका काढली की वहीत माणूस काहीही लिहील. तारानं वहीतला सोमवारचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा शेजारी शेजारी दाखवला. वहीत ८५०९ होते, पडद्यावर ८५३१. आबांनी तो आकडा लिहिल्यापासून आतापर्यंत मिळून डिस्कनं जेमतेम बावीस मिनिटं काम केलं होतं. एवढ्या वेळात चौदा वर्षांच्या नक्ष्या बाहेर जाऊच शकत नाहीत. अचानक बंद पडल्याचा आकडा अजून सातच होता. हे आकडे डिस्क स्वतः ठेवते, कोणाच्या पासवर्डनं ते मागं फिरत नाहीत. आठ चौदाचा कॉल तिनं दाखवला. रविवारी आबा कुठं होते तेही सांगितलं.

शेठ खुर्चीत मागं टेकले. प्रशांतनं डोकं खाली घातलं.

"मग कोण?" शेठनी विचारलं.

तारानं चंचलबेनला रविवारची हकीकत पुन्हा सांगायला सांगितली. तिनं तीच सांगितली. पावणेचार, जिने, लिफ्टमध्ये दार बडवणारा मारुती.

"मारुतीला तुम्ही वर येताना ऐकलंत?"

"हा. सारखा बडवत होता."

"मारुती एकाला अडकला, वीज गेली तेव्हा," तारा म्हणाली. "तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे. वाल्मिकनं पहार लावून सव्वा वाजता त्याला बाहेर काढला. पावणेचारला लिफ्ट रिकामी होती. ते बडवणं ज्यानं ऐकलं तो एक वाजता याच मजल्यावर होता."

वाल्मिकनं दारातून मान हलवली. चंचलबेननं एकदा प्रशांतकडे पाहिलं, एकदा शेठकडे. तिसऱ्या किल्लीला रविवारी कोणी हात लावला नव्हता आणि पहिली अमळनेरला होती, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

ती बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. दिवाळीनंतर प्रशांत आणि नवं सॉफ्टवेअर पुरे, म्हातारी माणसं कमी करायची, हे शेठ फोनवर बोलताना तिनं ऐकलं होतं. दुसऱ्या पार्टीनं तिला जागा देऊ केली होती, पण रिकाम्या हातानं नाही. काम उरकलं, घड्याळ परत जाग्यावर आणायचं तेवढं राहिलं आणि वीज गेली. वायर जोडून ती वीज यायची वाट पाहत तीन तास बंद खोलीत बसली, शेवटी घड्याळ तसंच सोडून उतरली. सुरुवातीला बाहेर मारुती ओरडत होता आणि तिला दार उघडता येत नव्हतं.

"पण आबांच्या नावावर का?" शेठनी विचारलं.

"एकटा माणूस," ती म्हणाली. "नाव गेलं असतं तर लेकीकडे जाऊन राहिला असता. मला वाटलं नव्हतं असं होईल. त्याला इथं विचारणारं होतं कोण?"

मयुरी खुर्चीमागून पुढं आली.

"तुम्ही होतात ना," ती म्हणाली. "चौदा वर्षं शेजारी बसत होतात."

चंचलबेननं तोंडावर पदर घेतला. त्यानंतर तिला कोणी काही विचारलं नाही.

७

भाईदासशेठ त्या संध्याकाळी स्वतः लिंबायत आणि गोडादऱ्यात हिंडले. ज्या ज्या ओट्यावर त्यांनी आबांना चोर म्हटलं होतं, त्या त्या ओट्यावर जाऊन ते उलटं सांगून आले. कमी करायच्या माणसांबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. तेराव्याला इतकी माणसं आली की तारा आणि प्रशांतला दोनदा वरण वाढवावं लागलं. सगळे आबांबद्दल चांगलं बोलत होते. मयुरी हात जोडून उभी होती आणि ताराला वाटत होतं, यातल्या निम्म्यांनी जरी आधी एखाद्या रविवारी त्यांना घरी बोलावलं असतं तर. मग तिला स्वतःचंच वाईट वाटलं आणि ती पत्रावळी उचलायला गेली.

चौदाव्या दिवशी दुपारी ती मयुरीला सोडायला उधना स्टेशनवर गेली. भुसावळकडची गाडी वीस मिनिटं उशिरा होती. दोघी बाकावर बसल्या. वही मयुरीच्या पिशवीत होती. ती म्हणाली, शाळेतल्या मुलांना ती दाखवणार नाही, कोणालाच दाखवणार नाही, घरी ठेवणार.

गाडी आली. मयुरी चढली, खिडकीशी जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन तिनं गजातून हात बाहेर काढला आणि ताराचा हात धरला.

"ताई, तुमचं इथं कोण आहे?"

तारा उत्तर शोधू लागली. दुकान आहे म्हणावं, गिऱ्हाइकं आहेत म्हणावं, की चाललंय बरं म्हणावं. गाडीला धक्का बसला. मयुरीनं हात सोडला नाही, गाडी हलू लागली तरी. तारा चार पावलं सोबत चालली, मग आठ, आणि फलाट संपत आला तेव्हा तिनंच बोटं सोडवली.

"कोणी नाही," ती म्हणाली.

ते मयुरीला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. शेवटचा डबा निघून गेल्यावरही तारा उन्हात तशीच उभी राहिली.